तीनशे बारा खराब फायली

केशरबाईला एवढंच ऐकायचं होतं, की आपली गर्भाची पिशवी खरंच खराब होती. तेवढं कळलं असतं तर दुखऱ्या कमरेशी रोजचं भांडण मिटलं असतं.

दहा वर्षांपूर्वी, ऊसतोडीला निघायच्या आठ दिवस आधी, डॉक्टरनं पोटावर सोनोग्राफीचं मशीन फिरवून सांगितलं, "सडलीय. काढून टाका, नाहीतर कॅन्सर." मुकादम म्हणाला, बरंच झालं, दर महिन्याचे पाळीचे खाडे वाचले. पिशवी काढली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. पुढं दवाखाना बंद पडला, मशीन माजलगावच्या भंगारात आलं आणि त्यातली डिस्क योगितानं आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आणली. योगिता केशरबाईच्या बहिणीची मुलगी. बारावी नापास, बाकी सगळं दुकानात बसून शिकलेली.

तिनं आधी डिस्कची नक्कल काढली, मग डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्राम लावला. पडद्यावर आलं: तीनशे बारा फायली खराब. काढून टाकू? हो / नाही.

"बघ, ह्येबी खराबच म्हनतंय!" केशरबाईचा चेहरा हलका झाला. "दाब बाई, हो दाब."

"थांब मावशी."

"कावून? त्ये इचारतंय तरी. आमाला नुसता अंगठा मागितलता."

पण सगळ्याच्या सगळ्या? एकही धड नाही? योगितानं तारखा बघितल्या. प्रत्येक फाईलवर १ जानेवारी १९८०. मशीनच्या घड्याळाचा सेल मेलेला. लाईट गेली की ते तिथंच परत जायचं. आणि प्रोग्रामचा नियम असा, की डिस्कच्या जन्माआधीची तारीख दिसली की फाईल खराब. उघडून बघायचं नावच नाही.

प्रोग्राम फुकटचा, त्याचं आतलं लिखाण सगळ्यांना खुलं. दोन दिवस डोळे फोडून योगितानं तो नियम शोधला आणि बदलला: तारीख काही असो, आधी आत बघ, मग बोल. बदल प्रोग्रामवाल्यांनाही कळवला. तिसऱ्या दिवशी केशरबाईसमोर पुन्हा चालवला. खराब फायली: शून्य.

केशरबाईच्या नावाच्या फायलीतलं सोनोग्राफीचं चित्र तिनं सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना पाठवलं. चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. योगितानं ते दोनदा वाचलं. खोटंच सांगून टाकावं, असं मनात येऊन गेलं.

"पिशवी चांगली होती मावशी. काही झालेलं नव्हतं."

केशरबाईनं बशीतला चहा परत कपात ओतला.

"त्या दिशी हो दाबायचं हुतं तू."

योगिताचा फोन वाजला. प्रोग्रामवाल्यांचा निरोप होता: बदल घेतला, यापुढं चांगल्या फायली काढल्या जाणार नाहीत, आभार.

"काय म्हनत्यात?"

"काही नाही."

केशरबाई उठली, दारापर्यंत गेली, तिथं थांबली. "साखराबाईचं नाव हाय का त्यात? माझी जाऊ. आमाला एकाच दिशी नेलतं."

"आहे."

"ती सोमवारी येनार हाय इचारायला." तिनं चप्पल पायात सरकवली. "तिला म्हन, लई खराब हुती."