टमरेल

आमच्या अम्मानच्या जुन्या बाजारपेठेत कचेऱ्यांचा बावीस मजली मनोरा उभा राहणार होता. नगरपालिकेने त्याचे चित्र हरकतींसाठी दालनात मांडले आणि तिसऱ्याच दिवशी शहराने त्याचे बारसे केले. वरच्या सात मजल्यांपाशी मनोऱ्याची मान एका अंगाला वळलेली होती. त्यावरून कोणीतरी त्याला ‘तोटीचे टमरेल’ म्हटले, आणि संडासातल्या भांड्याचे ते नाव मशिदीच्या पायऱ्यांपासून शाळेच्या फळ्यापर्यंत पोहोचले.

ते चित्र माझ्या नातीने, रुबाने काढले होते. स्वतःच्या नावावरची तिची ही पहिलीच इमारत. हरकतींतून ती तगली तरच उभी राहणार होती. नाहीतर मालक कंपनीकडे दुसऱ्या कोणाचा आराखडा तयारच होता.

माझ्या घरात तो शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक मी घातला. दंडक उंबऱ्याच्या आतच चालतो. जिन्यात मी दिसले की शेजारणी गप्प होत, आणि ते गप्प होणे मला शब्दापेक्षा जास्त टोचे.

बुधवारी दुपारच्या नमाजानंतर गल्लीतले नऊ पुरुष आमच्याकडे आले. सर्वांत पुढे अबू मुनीर, निवृत्त मुख्याध्यापक. मागे त्यांचा मुलगा हैसम, कडक इस्त्रीच्या सुटात. वडीलधारे असे एकत्र आले म्हणजे काही मागायला आले, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. कॉफी समोर ठेवतात. पण यजमान ‘मागणे मान्य’ म्हणेपर्यंत प्रमुख पाहुणा पेल्याला हात लावत नाही. यजमान दिलदार असेल तर मागणे पुरते ऐकण्याआधीच हो म्हणतो.

माझा मुलगा नायेफ त्याहूनही दिलदार निघाला. रुबा एकतीस वर्षांची झाली होती आणि असे मंडळ दारात येण्याची वाट तो दहा वर्षे पाहत होता.

“उम्म नायेफ,” अबू मुनीर मला म्हणाले, “आज आम्ही तुमच्या रुबाच्या बाबतीत...”

“कॉफी घ्या, अबू मुनीर,” नायेफ मध्येच बोलला. “ज्यासाठी आलात, ते दिलं.”

“अरे, ऐकून तरी घे.”

“त्यात ऐकायचं काय? मुलगी तुमचीच आहे.”

अबू मुनीर प्यायले. मग बाकीचे आठही प्यायले.

“अल्ला तुझं घर भरलेलं ठेवो,” ते म्हणाले. “मग रुबाने ते चित्र मागे घ्यावं. गल्लीचं मागणं एवढंच.”

“चित्र?” नायेफचा चेहरा उतरला. “कसलं चित्र?”

“टमरेल,” मागून कोणीतरी पुटपुटले.

“मग हा हैसम सूट घालून कशाला आलाय?”

“मी बँकेतून थेट आलो, काका,” हैसम म्हणाला. “माझा साखरपुडा झालाय. तेव्हा तुम्हीच तर गोड कुनाफ्याच्या तीन बशा संपवल्यात.”

दोघे-तिघे हसले. अबू मुनीर हसले नाहीत. सभ्य माणूस. “गैरसमज झाला, उम्म नायेफ. आम्ही प्यायलोच नाही असं धरा. पुन्हा येऊ, रीतसर विचारू.”

मागे फिरायला दार उघडे होते. ते मी लावले. “या घरात प्यायलेली कॉफी आजवर कोणी परत ओतलेली नाही,” मी म्हणाले. “शब्द दिला तो दिला.”

स्वयंपाकघराच्या दारात रुबा उभी होती. पाहुणे गेले.

“तेता,” मग तिने लहानपणापासूनच्या हाकेने मला थांबवले, “मला विचारलंसही नाहीस.”

“घराचा शब्द होता.”

“शब्द बाबांचा. चित्र माझं.” तिने तिथेच बसून चित्र मागे घेत असल्याच्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद माझ्या हाती दिला. “असे अर्ज उद्या बारापर्यंत घेतात. तूच नेऊन दे. दार तू लावलंस, कडीही तूच घाल.”

“नेईन.”

तिचे नाक माझे आहे आणि जीभही माझीच. दोघींपैकी एकीने आणखी एक वाक्य बोलायला हवे होते.

सकाळी मी शेअर टॅक्सीने टेकडीवरून खाली, नगरपालिकेच्या दालनाकडे निघाले. चालकही तेच बोलत होता. “टमरेल तर टमरेल. भरून तरी ठेवा म्हणावं, आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं.” सगळे हसले. मी पर्समधला कागद दोनदा चाचपला.

दालनात माणसांची रेटारेटी होती. एक शिंपी सांगत होता, “त्यात नोकरी करणाऱ्यांना सारखी लागलेली असणार.” मी वाट काढत पुढे गेले. ते चित्र मी तोवर एकदाही नीट पाहिले नव्हते. लोक हसतात ते पाहायचे नाही, हा माझा हट्ट.

“याची मान का मोडली?” मी तिथल्या कारकुनाला विचारले.

“मोडली नाही, हाज्जा, वळवलीय. आधी आम्हीही हसलो. तुम्ही कुठल्या, लुवैब्देच्या टेकडीवरच्या? मग ही बाजू बघा.”

आमच्या टेकडीकडच्या अंगाला वरचे सातही मजले बंद होते. सलग दगड, एकही खिडकी नाही.

“सरळ ठेवला असता तर या खिडक्या तुमच्या गच्च्यांवर उघडल्या असत्या. कंपनीला तेच हवं होतं. ही पोरगी भांडली.” त्याने नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे रुबाच्या अक्षरात लिहिले होते: ‘गच्च्यांचा आब.’

आमच्या गच्चीवर मी पन्नास वर्षे उघड्या डोक्याने केस वाळवले आहेत. रुबाने हे कोणाला सांगितले नाही. खरे म्हणजे, आम्ही कोणी तिला विचारलेच नाही.

“आणि दुसरा आराखडा?”

“सरळसोट. चारी बाजूंनी काच.” त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. “तो द्यायचाय का?”

“अजून नाही.”

साडेदहा झाले होते. रस्ता मोटारींनी तुंबला होता, म्हणून मी पायऱ्यांनी टेकडी चढले. चार ठिकाणी थांबावे लागले. आयुष्यात मी कोणाच्या दारी मागायला गेले नव्हते. गेलेच असते तर पुढे पुरुष असते.

अबू मुनीर पायजम्यात होते. “उम्म नायेफ? एकट्या? नायेफ कुठे आहे?”

“त्याने काल पुरेसं बोलून घेतलं. काल तुम्ही जे परत देत होतात, ते घ्यायला मी आले आहे.”

“काल तुम्हीच म्हणालात की या घरात...”

“म्हणाले. चुकले.”

त्यांनी नजर खाली वळवली. मला मागताना पाहणे त्यांना जड गेले असावे. मग दिवाणखान्यातल्या मोठ्या खुर्चीकडे हात करून त्यांनी कारण विचारले. खिडक्यांचे, दगडाचे आणि बारापर्यंत द्यायच्या कागदाचे मी उभ्यानेच सांगितले. त्यांच्या थोरल्या सुनेने आतून ते ऐकले आणि भांड्यांचा आवाज थांबला.

“माझ्या एकट्याचं असतं तर या क्षणी दिलं असतं,” ते म्हणाले. “पण नऊ जण प्यायलेत. आठांना विचारावं लागेल. कामाची वेळ आहे, कोण कुठे असेल.”

“फोन लावा.”

“बारापर्यंत आठही जण सापडतील?”

“लावा, अबू मुनीर. नाहीतर कागद द्यावाच लागेल.”

त्यांनी चष्मा शोधला, डायरी उघडली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. पहिल्याने फोन उचलला नाही. त्यांनी दुसरा लावला.