दुसऱ्या अंकातला न्यायाधीश

नाटकाचा दुसरा अंक पाऊण तासाचा. त्यात न्यायाधीशाने उंच खुर्चीत बसून राहायचं, मधूनमधून हातोडा आपटायचा आणि शेवटी निकाल द्यायचा. पडदा पडेपर्यंत उठायचं नाही. शनिवारच्या प्रयोगात न्यायाधीश उठला.

बचावाचा वकील ऐन रंगात होता. न्यायाधीशाने हातोडा आपटला, न्यायालय थोडा वेळ तहकूब करत असल्याचं खणखणीत आवाजात जाहीर केलं आणि झगा सावरत विंगेत पसार झाला. प्रेक्षकांना हा लेखकाचा डाव वाटला; त्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगमंचावर उरलेल्यांचे मात्र हाल झाले. बोलायला काहीच नसल्यामुळे वकिलाने आरोपीच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली. ती पहिल्या अंकातच वारली होती.

प्रयोगानंतर दिग्दर्शकाने आरडाओरडा केला नाही. पुन्हा उठलास तर खुर्चीत पट्टेवाल्याला बसवीन, एवढंच म्हणाला. पट्टेवाल्याचं काम करणाऱ्याला न्यायाधीशाची सगळी वाक्यं पाठ होती, आणि ती पाठ असल्याचं तो कुणापासून लपवतही नव्हता.

न्यायाधीश चोपन्न वर्षांचा. दिवसा त्याचं चष्म्याचं दुकान; बाकीचं आयुष्य या खुर्चीसाठी. त्याची बायको नाटकातल्या मंडळींचे कपडे सांभाळायची. कुणाच्याही घरी गेलं की हे आधी मोरी विचारतात आणि मग यजमानांची खुशाली, हे ती वर्षभर बघत होती. आता तिने काही ऐकून घेतलं नाही. त्याला सरळ डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

तपासणी झाली, रक्त झालं, सोनोग्राफी झाली. काळजीचं काही नव्हतं. वयानुसार प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती आणि ती लघवीची वाट अडवत होती. डॉक्टरांनी दोन प्रकारची औषधं समजावून सांगितली. एक मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेला स्नायू सैल करतं. त्याचा गुण आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो. दुसरं ग्रंथीच लहान करतं, पण त्याला कित्येक महिने धीर धरावा लागतो. न्यायाधीशाला पहिलं पुरेल, असं त्यांचं मत पडलं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची आणि उठताना सावकाश उठायचं, कारण चक्कर येऊ शकते.

घरी गोळीने कमाल केली. तो सलग झोपू लागला, दुकानात गाणी म्हणू लागला. पुढच्या प्रयोगाला मात्र पुन्हा तेच. तो उठला नाही, पण घाईघाईत त्याने असा निकाल दिला की आरोपीने गुन्हा कबूल करायच्या आत त्याला शिक्षा झाली. दिग्दर्शकाने पट्टेवाल्याच्या मापाचा झगा शिवायला सांगितला. सांगितला तो न्यायाधीशाच्याच बायकोला.

ती नवऱ्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली. गोळी घरी चालते आणि थिएटरात चालत नाही, अशी त्याने तक्रार मांडली. आणखी काही औषध घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तो ठामपणे नाही म्हणाला.

"अहो, आणि ती सर्दीची?" बायको म्हणाली.

"अगं, ते औषध थोडंच आहे? ती आमची पद्धत आहे."

पद्धत अशी की पहिल्या घंटेआधी दिग्दर्शक प्रत्येकाच्या तळहातावर सर्दीची एक गोळी ठेवायचा. सर्दी असो वा नसो, रंगमंचावर नाक वाहता कामा नये. सगळे ती वर्षानुवर्षं चहाबरोबर गिळत आले होते.

डॉक्टर खुर्चीला टेकून मनसोक्त हसल्या. नाक सुकवणारी ती गोळी नेमका तोच स्नायू आवळते, म्हणाल्या. "मी रात्री दार उघडतेय आणि तुम्ही प्रयोगाआधी त्याला कडी घालताय."

पुढच्या प्रयोगाला दिग्दर्शक गोळ्या वाटत आला तेव्हा न्यायाधीशाने हात मागे घेतला.

"आणि शिंकलास तर?"

"तर न्यायाधीश शिंकला. उठला तर नाही ना?"

तो एकदाच शिंकला, ऐन साक्षीत, आणि साक्षीदार दचकून खरं बोलल्यासारखा दिसला. वकिलाचं भाषण लांबलं, तरी न्यायाधीश गालाला हात लावून ऐकत राहिला. निकालाची वाक्यं त्याने एकेक करून, मध्ये हवं तेवढं थांबत उच्चारली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. वर्षभरात त्याला ती वाक्यं पहिल्यांदाच नीट ऐकू आली.

पडदा पडला. तिसऱ्या अंकासाठी खुर्ची उचलायला दोघे आले तरी तो तिच्यात बसूनच होता.

"थांबा रे जरा," तो म्हणाला. "बरं वाटतंय इथे."