परातीतलं पिवळं पाणी

सावरगावच्या शिवारात, संत्र्याच्या बगीच्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडखाली त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. वामनबुवा कावीळ उतरवत होते. रोग्याच्या हातांना तांब्यातलं तीर्थ चोळायचं, मग मंत्र पुटपुटत दुसऱ्या तांब्यातलं पांढुरकं पाणी ओतायचं. परातीत पिवळाजर्द ओघळ उतरायचा.

"निघाली! निघाली!" गर्दी ओरडायची.

"हे तं वरचं विष हाय बापा," बुवा डोळे मिटून सांगायचे. "खरं विष रक्तात बसलं हाय. त्याले वाट करून द्या लागते."

आणि दंडावर पात्यानं चीर द्यायचे.

ऋतुजा मामेभाऊ तुषारजवळ उभी होती. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ती यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंवर संशोधन करायची. तुषारला कावीळ झाल्याचं कळून ती पांढुर्ण्याला आली, तर भगवंतरावमामांनी त्याला मागच्याच रविवारी इथे आणलेलं. आज दुसरी खेप होती.

परातीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती पातं पाहत होती. एका म्हाताऱ्याचं रक्त बुवांनी धोतराला पुसलं आणि तेच पातं पुढच्या बाईच्या दंडावर ठेवलं. पात्याच्या कडेला काळपट खपली धरली होती, तिच्यावर माशी बसून उठत होती.

"मामा, तुषारलेही हेच पातं लावलं?"

"हाव. सिद्ध पातं हाय ते. बुवा बदलत नाही."

ऋतुजा सरळ पुढे गेली आणि तिनं दोन्ही तांबे उचलले.

"ए पोरी, काय करून राहिली? देव कोपन!" बुवा गरजले.

"मामा, हात पुढं करा. तुमाले कधी कावीळ झाली?"

"जन्मात नाही."

तिनं मामांच्या हातांना तीर्थ चोळलं, वरून पांढुरकं पाणी ओतलं. ठणठणीत माणसाच्या हातांवरून तसाच पिवळाजर्द ओघळ परातीत पडला. पुढचे लोक परातीवर वाकले.

"हे आंब्याच्या सालीचं पाणी, अन् हा खायचा चुना," ती म्हणाली. "दोन्ही मिळाले का पिवळं होते. घरी करून पाहा."

"मंग लोक बरे कसे होऊन राहिले व?" गर्दीतून पंचफुलाबाईंनी विचारलं.

"घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच जाते, काकू. आपल्या रक्तातल्या पेशी विषाणू ओळखतात, त्याले संपवतात. चार-सहा आठवडे लागतात. पण या पात्यावर दुसऱ्याचं रक्त हाय. त्यातून जो विषाणू शिरते, तो वर्षानुवर्षं चूप बसून यकृत सडवते."

बुवांनी शिव्या हासडल्या, गाठोडं बांधलं आणि मागच्या वाटेनं निघून गेले. काही जण त्यांच्या पायाही पडले.

ऋतुजानं तुषारचं रक्त त्याच दिवशी तपासायला दिलं. त्यात पाण्यातून येणाऱ्या काविळीचाच विषाणू निघाला. महिन्याभरात त्याचे डोळे पांढरे झाले. "बुवाचा गुण आला!" लोक म्हणाले. मामांनाही आतून तसंच वाटत होतं.

पात्यावरून शिरलेला विषाणू रक्तात लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी ऋतुजानं तुषारचं रक्त पुन्हा तपासलं. आता त्यात दुसरा विषाणू होता, रक्तातून पसरणारा. शेडमध्ये चीर घेतलेल्या आणखी दोघांना तिनं शोधून तपासलं, त्यांच्यातही तोच निघाला. प्रयोगशाळेत तिघांच्या विषाणूंची जनुकं शेजारी मांडली, तर ती जवळजवळ सारखीच. त्या तिघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. तिघं फक्त एकाच रविवारी एकाच रांगेत उभे होते.

अहवाल वाचून मामा अंगणात कितीतरी वेळ हात धूत राहिले.

"म्याच नेलं त्याले," ते म्हणाले.

"औषध हाय, मामा. तीन महिने गोळ्या घ्या लागतीन. पण बाकीच्यांना माहीतच नाही."

दुसऱ्या दिवसापासून मामा पांढुर्णा ते सौंसर घरोघर फिरले. कुणी दार लावलं, कुणी धर्मबुडवा म्हटलं. मामा ओट्यावरून एकच सांगत राहिले, "मी न पाहता मानलं, पोरगं भोगून राहिलं. तुमी मानू नका, माझंही नका मानू. दवाखान्यात चला, रक्त तपासा, कागदावर काय येते ते आपल्या डोळ्यानं पाहा. अन् वापरलेलं पातं कोणाच्याही हातात असो, अंगाले लावू देऊ नका."

पहिल्या आठवड्यात त्यांच्यामागून दवाखान्यात चौदा जण आले. पंचफुलाबाई सगळ्यांत पुढे होत्या.