सांडवा बुजवलेला बांध

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बांध आहे आणि मला पावसाची भीती वाटते. तुम्ही हसाल. पाणी अडवायलाच ज्याला बांधलं, त्यानं पाण्याला भ्यावं, हे कसं? पण माझी हकीकत ऐका, मग हसा.

राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं, की टाकळवाडी नावाचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये मी आडवा पडलेला आहे. माझ्याआधी इथे नुसता ओढा होता. उन्हाळ्यात त्याच्या कोरड्या वाळूत शेळ्या बसायच्या. पण एका पावसाळ्यात तो असा फुगला, की खालच्या वस्तीतल्या घरांत छातीएवढं पाणी शिरलं. धान्य गेलं, दावणीची जनावरं बुडाली आणि वस्तीतल्या गिरिजाबाईंची सासू वाहून गेली. गिरिजाबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. तो सुटला. त्यानंतर गावानं मागणी लावून धरली आणि माझा जन्म झाला.

माझ्या पोटात काळी चिकणमाती भरून ती रोलरनं दाबली. तिच्यावर दोन्ही अंगांनी मुरूम चढवला, पाण्याच्या बाजूला दगड रचले. तळाशी एक मोरी ठेवली. एका टोकाला माझ्या माथ्यापेक्षा बराच खाली दगडी सांडवा केला, म्हणजे पाणी फार झालं तर ते माझ्या डोक्यावरून न जाता तिथून निघून जावं. पाणी साठवणं हे माझं काम नव्हतंच. ओढ्याचा लोंढा अंगावर घ्यायचा, थोपवायचा आणि मोरीतून हळूहळू सोडून द्यायचा, यासाठी मी होतो.

पहिला लोंढा मी अडवला, तेव्हा गिरिजाबाई माझ्या माथ्यावर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या. मग खाली वाकून त्यांनी माझ्या मातीवर तळहात ठेवला. मित्रांनो, एवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

पुढे कमी पावसाची वर्षं आली. विहिरी आटल्या. सांडव्याच्या खालच्या अंगाला काकासाहेबांची मोसंबीची बाग होती. टँकरचं पाणी घालून त्यांनी ती जगवली होती. एका वर्षी त्यांनी सांडव्यावर मातीनं भरलेली पोती रचली, फटी चिखलानं लिंपल्या. मोरीचं तोंडही बुजवलं. गावात कुणी नको म्हणालं नाही. कसं म्हणणार? माझ्यात पाणी थांबलं आणि सगळ्यांच्याच विहिरी भरल्या, वस्तीतलीसुद्धा. मग दरवर्षी पोत्यांचा एकेक थर चढत गेला.

माझ्याकडे मात्र कुणी बघेना. माझ्या अंगावर वेड्या बाभळी माजल्या. त्यांच्या मुळ्या खोल खोल शिरल्या. घुशींनी बिळं केली. त्यातलं एक बीळ माझ्या पोटापर्यंत गेलं होतं. किडका दात जसा तुम्हाला आतून कळतो, तसं ते मला कळायचं. पण बांधाला सांगता कुठं येतं?

आणि मग त्या भादव्यात पाऊस लागला, तो उघडेचना.

पाणी चढत होतं. निघून जायच्या दोन्ही वाटा बंद होत्या. सकाळी माझ्या पोटात काहीतरी हललं. पाण्याची एक बारीक धार त्या बिळात शिरली होती आणि वाट शोधत पुढे चालली होती. जाताना ती माझी माती बरोबर नेत होती. मी असा घाबरलो, की काय सांगू! मी फुटलो असतो, तर पूर्वीच्या ओढ्यासारखं पाणी हळूहळू चढलं नसतं. उभी भिंत चालून यावी तसं ते वस्तीवर गेलं असतं. ज्यांना वाचवायला मी जन्मलो, त्यांच्याच अंगावर मी पडणार होतो.

काकासाहेबांची बायको नंदाबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाग बघायला आली होती. माझ्या पायथ्याशी ती थबकली. तिथं थोडं पाणी नेहमीच पाझरायचं, पण ते नितळ असायचं. आज गवतातून चहाच्या रंगाचं पाणी उसळत होतं. ती माती माझ्या आतली होती. नंदाबाईनं ते ओळखलं. चिखल तुडवत ती बागेत धावली. काकासाहेब झाडांच्या बुडातलं पाणी काढून देत होते.

“अवो, बांधाच्या बुडातून गढूळ पाणी येऊन राह्यलंय. सांडव्यावरची पोती काढा जल्दी!”

“पोती काढली तर सगळा लोट बागेत घुसंल. झाडं फळांनी वाकलीत, दिसत न्हाई का तुला?”

“आन् बांध फुटला तर? खाली वस्ती हाये.”

“इतक्या वर्सांत फुटला न्हाई, आजच फुटतोय व्हय? उघडंल पाऊस दुपारपस्तोर.”

नंदाबाई वाद घालत बसली नाही. ती तडक वस्तीकडे गेली. तिथं काय झालं ते मला नंतर कळलं, माझ्या माथ्यावर बसून बायका बोलल्या तेव्हा. गिरिजाबाई दारातच होत्या.

“गिरिजाबाई, बांधाचं काही खरं न्हाई. निघा सगळे.”

“कोन म्हन्लं?”

“मी म्हन्ते. डोळ्यांनी बघून आले. पोती आमच्याच मान्सानं लावलीत, मला ठाव हाये.”

गिरिजाबाईंचा मुलगा संघपाल शाळेत शिक्षक. त्यानं तालुक्याच्या अभियंता शीतल मॅडमना फोन लावला. रस्त्यावर पाणी होतं, त्यांना येता येणार नव्हतं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, आधी माणसं हलवा. सांडवा काठाकडून मोकळा करा. पाझर बुजवू नका, त्यावर खडी आणि दगड टाका, म्हणजे पाणी जाईल पण माती थांबेल. थोड्याच वेळात वस्तीतल्या बुद्धविहारावरचा भोंगा माझ्यापर्यंत ऐकू आला.

“ल्हान-मोठे सगळे शाळेच्या टेकाडावर चला! सामान घेऊ नका!”

म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माणसं चढणीला लागलेली मला दिसत होती. किती हळू चालत होती ती! पाणी माझ्या माथ्याला टेकायला आलं होतं. थांबा, अजून थोडं थांबा, असं मी माझ्याच मातीला विनवत होतो.

नंदाबाई फावडं घेऊन सांडव्यावर पोहोचली आणि एकटीच पोती ओढू लागली. काकासाहेब धावत आले. मागोमाग गिरिजाबाई आल्या. त्या टेकाडावर गेल्याच नव्हत्या. धापा टाकत त्या काकासाहेबांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“काकासाहेब, तव्हा माझ्या हातातून येक हात सुटला व्हता. आज मी कुनाकुनाचा हात धरू?”

काकासाहेबांनी बागेकडे पाहिलं. मग माझ्या पायथ्याकडे पाहिलं. तिथली धार आता मनगटाएवढी झाली होती. त्यांनी बायकोच्या हातातलं फावडं घेतलं.

“बाजूला हो,” ते म्हणाले. “काठावर ये. मधी उभी ऱ्हाऊ नको.”

चिखल फुटला, पहिली पोती निघाली. बाकीची पाण्यानंच उचलली. केवढा तो आवाज! लोट सांडव्यातून उसळून बागेत घुसला. मोसंबीची झाडं हिरव्या फळांसकट उपटून वाहत गेली. काकासाहेब फावड्यावर हात टेकून बघत राहिले. नंदाबाईनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

माझ्या पायथ्याशी संघपाल आणि वस्तीतली माणसं खडीची घमेली ओतत होती. एवढ्यात माझ्या पाठीचा एक लचका ढासळला. माणसं किंचाळत मागे पळाली. मला वाटलं, संपलं. पण पाणी उतरू लागलं होतं. दिवस मावळायच्या आत खडीतून येणारी धार निवळली.

रस्ता मोकळा झाल्यावर शीतल मॅडम आल्या. माझं बीळ खोदून पुन्हा चिकणमातीनं भरलं, बाभळी काढल्या, मोरी उघडली. काकासाहेबांची अर्धी बाग गेली. त्यांना दोष द्यायला लोक तोंड उघडतात आणि मध्येच गप्प होतात, कारण ते पाणी सगळ्यांनीच प्यायलं होतं.

वस्ती वाचली. पण आभाळ भरून आलं, की तिथली माणसं दारात येऊन माझ्याकडे बघतात. त्या नजरेत आता भीती असते. मीही त्यांच्याकडे तसाच बघत असतो.

मित्रांनो, तुमच्याही गावाच्या वरच्या अंगाला माझा एखादा भाऊ पडून असेल. त्याची पूजा करू नका, त्याच्यावर फुलं वाहू नका. पावसाळ्याआधी त्याच्या अंगावरून एक चक्कर मारा. त्याची पाण्याची वाट अडवू नका. पाऊस लागला, की पायथ्याशी जाऊन पाझर बघा. नितळ असेल, तर घरी जाऊन निवांत जेवा. गढूळ असेल, तर पळा आणि पळताना एकाही घराला हाक मारायची राहू देऊ नका. मला हाक मारता येत नाही.