अगदी असाच द्या

मी पाण्याचा पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे हो, मोटारीतला. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवत ठेवायचं, एवढंच माझं काम. ते मी जीव तोडून केलं, तरी एक घर बसलं, आणि खापर फुटलं भलत्याच्याच डोक्यावर.

माझा जन्म खरं तर व्हॅनसाठी. पण ही निळी मोटार एकदा रस्त्यात गळायला लागली, आणि घाईतल्या फिटरने तिचा पंप काढून मला बसवलं. बोल्टची भोकं जुळली, तो हात पुसून मोकळा झाला. पाणी ढकलणारी माझी पाती आखूड आहेत, हे बघतो कोण? सपाट रस्त्यावर माझं भागत होतं.

मालक बसचालक. रोज सकाळी रेडिएटरमधलं पाणी बघितल्याशिवाय किल्लीला हात लावायचे नाहीत. बायको चिडवायची, "स्वतःच्या तोंडात घोटभर चहा नाही, आधी हिला पाणी!"

एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. मालकांनी तिला मागच्या सीटवर झोपवलं आणि हॉस्पिटलचा चढ धरला. अर्ध्यावर पाणी उकळलं, बॉनेटमधून वाफा निघाल्या. दुसरी गाडी मिळेपर्यंत फार उशीर झाला होता.

नंतर कुणीतरी विचारलं, घाईत पाणी बघायचं राहिलं का? मालकांना आठवेना. झालं! तो प्रश्न त्यांनी उराशी धरला तो धरलाच, आणि मोटार शेडमध्ये गेली. अहो, मी आतच होतो, पाणी माझ्या गळ्यापर्यंत होतं. पण लोखंडाला बोलता येतं थोडंच? घुसमट म्हणजे काय, ते मला विचारा.

लेक मोठी झाली, तिने गॅरेज काढलं आणि याच मोटारीला हात घातला. बाबांना एकदा तरी हिच्यात बसवायचं, हा तिचा हट्ट. ते पाप पुन्हा रस्त्यावर आणू नकोस, असं बाबा म्हणत राहिले. तिने मला सोडवलं आणि सगळे करतात तेच केलं. मला दुकानात नेऊन म्हणाली, अगदी असाच द्या. मिळाला, माझा जुळा भाऊच. रेडिएटर स्वतःच्या हाताने काठोकाठ भरून तिने गाडी त्याच चढावर घातली. मी डिकीत होतो. अर्ध्यावर वाफा.

कडेच्या दगडावर बसून तिने मला उलटसुलट करून बघितलं. घरी आल्यावर तिने इंजिनावर कोरलेला नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचला आणि दुकानात या वेळी तो सांगितला. आला तो पंप वेगळाच होता. तिने आम्हा दोघांना बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"पाती बघा, बाबा. हा जुना व्हॅनचा आहे. मी स्वतः पाणी भरलं होतं, तरी उकळली."

ते माझी पाती चाचपत राहिले. "म्हणजे त्या दिवशी पाणी होतं?"

"होतं. चढावर पुरेसं फिरत नव्हतं, एवढंच."

मला मांडीवर घेऊन ते हुंदके देऊन रडले. लेक मला भंगारात टाकणार होती. ते म्हणाले, "राहू दे. जिथे बसवला तिथे बिचारा फिरत राहिला."

आता मी शेडच्या खिडकीत असतो. माझं एकच मागणं आहे. निघालेला भाग हातात धरून 'असाच द्या' म्हणू नका. तो मुळात तिथला होता का, हे आधी इंजिनाला विचारा.

आज बापलेक त्या चढावरून जाणार आहेत. लेकीने चहा आणला. बाबांनी कप माझ्याशेजारी तसाच ठेवला आणि आधी जाऊन गाडीचं पाणी बघितलं.