खाली सगळं स्वच्छ

क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या ताईला सकाळपासून पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसला नव्हता. समोरची काच पांढरी, पायाखालची काच पांढरी. क्रेन चालवणारी म्हणून बांधकामावर तिला सगळेच ताई म्हणत, अगदी मुकादमसुद्धा. सख्खा भाऊ मात्र एकच, आणि तो आज सगळ्यात वरच्या स्लॅबवर माल उतरवून घ्यायला उभा होता.

मुकादमाची रीत जुनी. सकाळी फाटकात उभं राहायचं आणि बंदराच्या धक्क्यावरचा दिवा दिसतो का बघायचं. दिसला तर काम सुरू, नाहीतर चहा. शहर बुटकं होतं तेव्हा ही रीत बिनचूक होती, कारण समुद्रावरून आलेलं धुकं थेट रस्त्यावर लोळायचं. आता जिकडेतिकडे काँक्रीट, डांबर आणि गरम हवा ओकणारी यंत्रं. त्या उबेने धुकं जमिनीला टेकेनासं झालं, वर सरकलं आणि नेमका ताईच्या केबिनपाशी मुक्काम ठोकून बसलं. दिवा मात्र रोज लख्ख दिसायचा.

दोराच्या टोकाचा आकडासुद्धा दिसत नाही, असं तिने रेडिओवर सांगून पाहिलं. मुकादम हसला, काच पुसून घे म्हणाला. माणूस वाईट नव्हता, कधी वर चढला नव्हता एवढंच. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हा जमिनीवरून उंट हाकत होता. शेवटी तोडगा निघाला तो असा की भावाने स्लॅबवरून रेडिओवर सांगायचं आणि तिने त्या अंदाजाने माल सोडायचा. भावाला त्यात मोठी गंमत वाटली.

लोखंडी सळयांची जुडी वर आली, आत वळली. भाऊ चेष्टा करत होता, लहानपणी डोळे बांधले की तू रडायचीस म्हणून. वटवट बंद कर आणि अंतर सांग, असं तिने त्याला दटावलं.

"चार हात," तो म्हणाला. "ये, हळू. आता दोन. थांब ताई, मी जरा पलीकडून बघतो..."

तिने दांडा मागे ओढून जुडी थांबवली. रेडिओ गप्प झाला. तिने हाक मारली, पुन्हा मारली.

उत्तर आलं ते मुकादमाचं. "थांबलीस का? सगळं स्वच्छ आहे, सोड खाली."

"माझा भाऊ दिसतोय का तुम्हाला?"

"वरचे मजले नाही दिसत गं इथून," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता.

तिची नजर वजनाच्या काट्यावर गेली. भार निम्म्याने उतरला होता. जुडी कशावर तरी टेकली होती, आणि भावाच्या शेवटच्या मापाने स्लॅब अजून हातभर तरी खाली होता.