कानावरचा पदर

यंत्राची चाळणी सुरू झाली की लातूरच्या त्या डाळगिरणीत माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलतात. चांगुणा आणि तिची थोरली जाऊ केवळाबाई चाळणीच्या बाजूला बसून डाळ निवडायच्या. चांगुणाचा डावा कान मंद झाला होता. उजवा तरी जपा, आवाजात उघडा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तिला कान हवा होता तो ओवीसाठी. रेणापूर तालुक्यात हळदीला या दोघींनाच बोलावणं यायचं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची.

मालकानं सगळ्यांना कान झाकणारे लाल इअरमफ दिले. चांगुणानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यावर ते चढवले.

"आली बघा, आकाशवाणीवाली बाई," केवळाबाई म्हणाली. स्वतःचे तिनं खुंटीला लावून ठेवले होते.

चांगुणानं मात्र ते एक दिवस सोडले नाहीत. तरी माघात एका हळदीला तिनं ओळ टाकली, केवळाबाईनं उचलली, आणि शेवट ऐकू न आल्यानं ती संपायच्या आतच चांगुणानं पुढची सुरू केली. बाया हसल्या. केवळाबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सुरक्षेचं काम बघणाऱ्या राजश्रीला बोलावून आणलं. "म्याडम, हिच्या डबड्यांत खोट हाय का बघा."

राजश्रीनं मफच्या कडेखाली बोट घातलं. बोटाला लुगडं लागलं.

"मावशी, पदर मधे आलाय. फट राहते, आवाज तिथून आत येतो. मफ उघड्या कानाला भिडला पाहिजे."

चांगुणानं नाही म्हणून मान हलवली. चाळणीपलीकडं मुकादम भागवत उभा होता, केवळाबाईचा नवरा, चांगुणाचा थोरला दीर. मफ आत घालून वरून पदर घ्यावा, तर अंबाड्यावरून पट्टा घसरायचा आणि पदरही.

"मीच एकसारखे मागवले," राजश्री म्हणाली. "डोक्यावर काय असतं ते विचारलं नाही."

तिनं स्पंजाचे इअरप्लग आणले. चांगुणानं हात धुतले. भागवतानं आपणहून तोंड पोत्यांकडं फिरवलं. प्लग चिमटीत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सारायचा, आणि फुगेपर्यंत बोट तिथंच ठेवायचं. दोन्ही कानांत बसवून तिनं वरून पदर घेतला.

चाळणीचा आवाज लांब गेला. ती हळूच गुणगुणली, तर आवाज डोक्याच्या आतूनच आला, रांजणात बोलावं तसा.

तुरीचं टरफल, वाऱ्यानं उडून गेलं

केवळाबाईचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही. चांगुणाचा हात कानाकडं गेला. केवळाबाईनं तो मनगटाला धरून खाली ठेवला आणि राजश्रीकडं वळून म्हणाली, "मला बी द्या त्या गोळ्या. एकीचाच कान राहून काय उपयोग?"

त्या दिवसापासून चाळणीपाशी त्या गायल्या नाहीत.

पावसाळ्याआधी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डावा होता तसाच. उजवा माघात होता तेवढाच, कमी झाला नव्हता.

सुट्टी झाल्यावर दोघी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली थांबतात, प्लग काढून डबीत ठेवतात. मग चांगुणा ओळ टाकते आणि जावेकडं उजवी बाजू करून उभी राहते. केवळाबाई ती उचलते.

सईचं बोलणं गं, दारात अडून ऱ्हायलं

शेवट ती जरा लांबवते. तो विरेपर्यंत चांगुणा पुढची ओळ तोंडात धरून ठेवते.